डिजिटल चित्रण आणि संकलन : सभासदांसाठी प्राथमिक माहिती



गणेशोत्सव, दिवाळी पहाट, मुलांचे स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, एखादी एकांकिका... आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला आता निदान पंधरा-वीस फोन हवेत उंचावलेले असतात. चित्रण भरपूर होते, पण बहुतेक ते फोनमध्येच पडून राहते आणि फोन बदलला की हरवते. दुसरीकडे कपाटात व्हीएचएस आणि मिनीडीव्हीच्या टेपा आहेत. त्यात गावाकडची लग्ने आहेत, मुंजी आहेत, आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. त्या टेपा दरवर्षी थोड्या थोड्या खराब होत आहेत.

आम्ही बनेद अल-गारमधील काही सभासद गेली काही वर्षे मंडळाच्या कार्यक्रमांचे चित्रण आणि संकलन करतो. आमच्यातले कोणीही व्यावसायिक नाही. बहुतेक जण संगणक क्षेत्रातले आहेत. "कुठून सुरुवात करावी?" असे अनेक जण विचारतात. त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे. सगळे एकदम वाचायची गरज नाही, हवा तो भाग काढून वाचावा. ज्यांच्या घरी जुन्या टेपा आहेत त्यांनी मात्र भाग ९ आधी वाचावा.

१. थोडा इतिहास

ही कला शिकताना आपण मराठी माणसे काही परक्या प्रांतात शिरत नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला एका कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजला रँग्लर झालेले रघुनाथ परांजपे १९०१ च्या डिसेंबरमध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनीच केले. भारतातील पहिली वार्ताचित्रफीत म्हणून तिचा उल्लेख होतो. परदेशातून घरी परतलेल्या माणसाचे स्वागत हा तिचा विषय होता, हे आपण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण तर शिकणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यासमोर ठेवावे. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून त्यांनी चित्रपट काढायचे ठरवले. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, तंत्र समजून घेतले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र खरेदी केले आणि परतले. त्यांनी एकदम मोठा चित्रपट हाती घेतला नाही. आधी रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट केला : कुंडीतल्या वाटाण्याचे रोज थोडे थोडे चित्रण करून. आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो ते हेच. पत्नी सरस्वतीबाई घरातच फिल्मला भोके पाडत आणि ती धुण्याच्या कामात मदत करत. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' सर्वसामान्य प्रेक्षकांना दाखवला गेला.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. चार रिळांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची एवढीच रिळे आज पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि ती मूळ चित्रपटाची की नंतर केलेल्या आवृत्तीची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फाळक्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. भारतीय सिनेमाच्या जनकाची ही गत असेल, तर आपल्या घरच्या टेपांची काळजी आपल्याशिवाय कोण घेणार?

कुवेतमधील जुन्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. २ ऑगस्ट १९९० च्या इराकी आक्रमणानंतर लाखाहून अधिक भारतीयांना इथून बाहेर काढावे लागले. बहुतेक जण हाती येईल ती पिशवी घेऊन अम्मानमार्गे भारतात गेले. अल्बम, कॅसेटी, टेपा घरातच राहिल्या आणि अनेकांना त्या पुन्हा दिसल्या नाहीत. एकच प्रत, एकाच घरात, हा धोका काय असतो ते आपल्या मंडळींनी सोसलेले आहे.

२. आधी काही शब्द

फ्रेम : चित्रफितीतले एक स्थिर चित्र. भारत आणि कुवेत या दोन्हीकडे जुन्या टीव्हीची पद्धत 'पाल' होती, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेत 'एनटीएससी', सेकंदाला सुमारे ३० (नेमके सांगायचे तर २९.९७).

रेझोल्यूशन : चित्रातील ठिपक्यांची संख्या. पाल मिनीडीव्ही ७२० गुणिले ५७६, फुल एचडी १९२० गुणिले १०८०, फोरके ३८४० गुणिले २१६०. फोरकेमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात.

इंटरलेस : जुन्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम दोन भागांत दाखवली जाई, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. अशी चित्रफीत संगणकावर पाहिली की हलणाऱ्या वस्तूंच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या घालवण्याच्या क्रियेला डीइंटरलेस म्हणतात.

कोडेक : चित्र दाबून लहान फाइल करण्याची पद्धत. एच.२६४ जवळजवळ सगळीकडे चालते. एच.२६५ (एचईव्हीसी) फाइल आणखी लहान करते, पण जुन्या संगणकावर संकलन करताना अडखळते.

बिटरेट : एका सेकंदाच्या चित्रणाला लागणारी माहिती. फाइल किती मोठी होईल ते यावर ठरते.

टाइमलाइन : संकलनाच्या प्रोग्रॅममधील पट्टी. तिच्यावर शॉट, आवाज, संगीत आणि अक्षरे एकाखाली एक रचली जातात.

रेंडर किंवा एक्स्पोर्ट : काम पूर्ण झाल्यावर सगळ्याची मिळून एक फाइल तयार करणे.

३. काय काय लागेल?

कॅमेरा : आपल्याकडचा फोन पुरेसा आहे. नवा कॅमेरा घेण्याआधी खालील दोन वस्तू घ्याव्यात असे आम्ही सुचवतो.

ट्रायपॉड : हलणारे चित्र कोणालाही पाहवत नाही. साधा ट्रायपॉड आणि फोन धरायची क्लिप एवढ्याने चित्रणाचा दर्जा एकदम सुधारतो.

कॉलर माइक : चित्र थोडे वाईट असले तर लोक सहन करतात, पण आवाज ऐकू आला नाही की उठून जातात. खर्च करायचाच असेल तर आधी माइकवर करावा.

संगणक : फुल एचडी संकलनाला ८ जीबी मेमरी असलेला संगणक चालतो. फोरकेसाठी १६ जीबी किंवा जास्त असावी. मूळ डिस्क एसएसडी असेल तर काम भराभर होते.

साठवण : आयफोनवर एचईव्हीसी पद्धतीत फुल एचडी, सेकंदाला ३० फ्रेम या चित्रणाला मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात, फोरकेला सुमारे १७० एमबी. म्हणजे तासाभराच्या फोरके चित्रणाला साधारण १० जीबी. कार्यक्रमाआधी फोनमध्ये जागा आहे का ते जरूर बघावे.

प्रोग्रॅम : आपल्यापैकी अनेकांनी विंडोज मूव्ही मेकरवर हात बसवला होता. मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्ये बंद केला. आज मोफत मिळणारे चांगले पर्याय असे :

- शॉटकट आणि केडेनलाइव्ह : दोन्ही मुक्तस्रोत, साध्या संगणकावर चालतात. नवशिक्यांनी यांच्यापासून सुरुवात करावी.
- आयमूव्ही : ॲपलचा फोन किंवा संगणक असेल तर सर्वात सोपा.
- दा विंची रिझॉल्व्ह : व्यावसायिक चित्रपटांसाठी वापरला जातो. मोफत आवृत्ती घरगुती कामाला पुरून उरते, पण संगणक दणकट हवा आणि शिकायला वेळ लागतो.

४. चित्रण करताना

सर्वसाधारण नियम थोडेच आहेत. फोन आडवा धरावा. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर घ्यावा. झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे. एकाच घटनेचे तीन प्रकारचे शॉट घ्यावेत : लांबून सगळी खोली, मध्यम अंतरावरून माणसे, जवळून हात किंवा चेहरा. आरती चालू असेल तर फक्त मूर्तीचे पंधरा मिनिटे चित्रण करू नये. टाळ वाजवणारे हात, निरांजन, पेंगुळलेले मूल, मोदकांचे ताट यांचे छोटे शॉट घेतले तर संकलनाला काहीतरी हाताशी राहते.

कुवेतमध्ये काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते :

दिव्यांची फडफड : भारताप्रमाणे इथेही वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. म्हणून चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. उपाय : सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम निवडाव्यात आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवावा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ चा आकडा दिसू लागतो.

काचेवरचे धुके : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नेमके गणपतीच्या दिवसांत, समुद्राकडून दमट हवा येते. एसीत थंड झालेला कॅमेरा बाहेर काढला की काचेवर लगेच बाष्प धरते. कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर न्यावा आणि वीस-तीस मिनिटे तसाच राहू द्यावा. गरम झाल्यावर पिशवी उघडावी.

उष्णता आणि धूळ : २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. बंद गाडीत याहूनही जास्त होते. गाडीत कॅमेरा, बॅटरी किंवा हार्ड डिस्क ठेवू नये. धुळीच्या वादळात लेन्स बदलू नये. काच पुसण्याआधी ब्लोअरने धूळ उडवावी, नाहीतर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात.

परवानगी : सरकारी व लष्करी इमारती आणि तेलाची ठिकाणे यांचे चित्रण करू नये. अनोळखी माणसांचे, विशेषतः महिलांचे आणि मुलांचे, न विचारता चित्रण करू नये. इथे ती कायद्याची बाब आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये. गल्फ रोडवर किंवा कुवेत टॉवर्ससमोर मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी चौकशी करावी.

नाटक किंवा रंगमंचावरचा कार्यक्रम : दोन कॅमेरे असावेत. एक मागे ट्रायपॉडवर, संपूर्ण रंगमंच दिसेल असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू. दुसरा बाजूला, जवळचे चेहरे टिपणारा. स्वयंचलित एक्स्पोजर बंद करावे, नाहीतर पार्श्वभूमी काळी असल्याने चेहरे पांढरेफटक येतात. दोन्ही कॅमेरे सुरू झाल्यावर एकाने जोरात टाळी वाजवावी. संकलनात त्या टाळीच्या आवाजावरून दोन्ही चित्रफिती जुळवता येतात.

५. आवाज

आपल्या फ्लॅटमध्ये आवाजाचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे एसी. कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नसते. मुलाखत घ्यायची असेल तर खोली आधी चांगली थंड करून घ्यावी, मग एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मुद्रण करावे. फ्रिजचा आवाज येत असेल तर स्वयंपाकघराचे दार लावावे. पडदे, गालिचे, गाद्या असलेली खोली निवडावी, कारण रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. अजान सुरू झाली तर थांबावे आणि संपल्यावर पुढे चालू करावे. मध्येच कापलेली अजान संकलनात लपवता येत नाही आणि ते बरेही दिसत नाही.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, छातीवर लावावा. समुद्रकाठी त्यावर स्पंजचे किंवा लोकरीचे आवरण हवेच. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या क्षणी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही. शेवटी कोणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीचा नुसता आवाज मुद्रित करावा. संकलनात वाक्यांमधल्या फटी भरायला तो उपयोगी पडतो.

६. आजी-आजोबांची मुलाखत

आमच्या मते नवशिक्याने सर्वप्रथम हेच करावे. आई-वडील किंवा सासू-सासरे व्हिजिटवर आले असतील तर ती संधी सोडू नये. सुट्टीत गावी गेल्यावरही करता येते.

माणसाला खिडकीसमोर नव्हे तर खिडकीकडे तोंड करून बसवावे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि आपण त्याच्या अगदी शेजारी बसावे. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असे विचारले की माणूस गप्प होतो. त्याऐवजी नेमके विचारावे : पहिल्या पगारातून काय आणले? लग्नाची पंगत कुठे बसली होती? घरात वीज कधी आली? मुलगा आखातात निघाला त्या दिवशी घरात काय स्वयंपाक होता? उत्तर संपले असे वाटले तरी पाच सेकंद थांबावे. खरी गोष्ट पुष्कळदा त्यानंतर येते.

एक विनंती. बोलणारा मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत बोलत असेल तर त्याला "नीट मराठीत सांगा" म्हणू नये. तो शब्द, तो हेल हाच तर ठेवा आहे. मुलांना अर्थ कळावा म्हणून उपशीर्षके देता येतात.

७. संकलन : पायरी पायरीने

पायरी १. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये घ्याव्यात. फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग कार्यक्रमाचे नाव द्यावे. मूळ फाइलींची दुसरी प्रत बनवल्याशिवाय कामाला हात लावू नये.

पायरी २. फोनवरच्या चित्रणात फ्रेमचा वेग किंचित कमीजास्त होत राहतो. त्यामुळे लांब चित्रफितीत ओठ आणि आवाज यांची फारकत होते. तसे दिसल्यास हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल पुन्हा बनवावी आणि ती संकलनाला घ्यावी.

पायरी ३. सगळे चित्रण एकदा पूर्ण पाहावे आणि वहीत नोंद करावी : कोणती फाइल, कितवे मिनिट, काय चांगले आहे. कंटाळवाणे वाटते, पण पुढचा निम्मा वेळ वाचतो.

पायरी ४. निवडलेले तुकडे क्रमाने टाइमलाइनवर लावावेत. याला कच्चे संकलन म्हणतात. अजून संगीत नाही, अक्षरे नाहीत.

पायरी ५. छाटणी. तासाभराच्या कार्यक्रमातून आठ-दहा मिनिटांची चित्रफीत निघाली तर ती लोक आनंदाने पाहतात. प्रत्येकाचे मूल दिसले पाहिजे हा मंडळातला नियम आहेच, त्यासाठी तीन सेकंद पुरतात. पूर्ण कार्यक्रम हवा असेल त्यांच्यासाठी न कापलेली वेगळी फाइल ठेवावी.

पायरी ६. कट कुठे मारावा? हालचाल चालू असताना मारलेला कट डोळ्याला जाणवत नाही. आजोबा चहाचा कप उचलू लागले की लांबचा शॉट कापून जवळचा घ्यावा, कप ओठाला लागलेला. पुढच्या दृश्याचा आवाज आधीच्या चित्रावर सेकंदभर आधी सुरू केला तर जोड मऊ होते : पडद्यावर अजून रांगोळी आहे, पण घंटेचा आवाज आला आहे. वॉल्टर मर्च या नामवंत संकलकाने चांगल्या कटचे सहा निकष सांगितले आहेत आणि त्यांत भावनेला ५१ टक्के, कथेला २३ टक्के वजन दिले आहे. तांत्रिक जुळणीचा क्रमांक शेवटी लागतो. गौरी सजवणाऱ्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आले तो शॉट थोडा हललेला असला तरी ठेवावा.

पायरी ७. चकचकीत ट्रान्झिशन टाळावेत. पान उलटणे, चित्र गरगर फिरणे, बदामाच्या आकारात उघडणे हे प्रकार लग्नाच्या व्हिडिओंनी पुरेसे वापरले आहेत. साधा कट आणि काळ बदलताना एखादा डिझॉल्व्ह एवढे बस.

पायरी ८. आवाज सारखा करावा. बोलण्याखालचे संगीत इतके हळू हवे की शब्द ऐकायला कान टवकारावे लागू नयेत. एसीची घरघर उरली असेल तर १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर लावावा, बराच फरक पडतो.

पायरी ९. रंग. निरनिराळ्या फोनचे चित्रण शेजारी ठेवले की एक पिवळट, एक निळसर दिसते. आधी पांढरा रंग पांढरा करून घ्यावा, मग चेहऱ्याचा रंग पाहावा. एवढे पुरे.

पायरी १०. एक्स्पोर्ट. एच.२६४, फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम, बिटरेट १० ते १२ मेगाबिट, आवाज ४८ किलोहर्ट्झ एएसी. अशी फाइल घरच्या टीव्हीवर, फोनवर आणि सभागृहातल्या प्रोजेक्टरवर चालते. कार्यक्रमात दाखवायची असेल तर आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर लावून बघावी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, त्यामुळे ती दाखवण्यासाठी वापरू नये, पेनड्राइव्ह न्यावा.

८. देवनागरी अक्षरे, उपशीर्षके आणि संगीत

काही संकलन प्रोग्रॅममध्ये मराठी जोडाक्षरे तुटतात. आपला प्रोग्रॅम तपासण्यासाठी 'ज्ञानेश्वर', 'स्त्री', 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'किल्ल्यांच्या' हे शब्द टाइप करून पाहावेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते का, 'ऱ्या'मधला र नीट दिसतो का, हे बघावे. तुटत असेल तर इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये शीर्षक बनवावे, पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी चित्र म्हणून साठवावे आणि ते चित्र टाइमलाइनवर ठेवावे. फॉन्ट युनिकोडच वापरावेत. मुक्त, बलू आणि नोटो देवनागरी हे मोफत मिळतात. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमधला मजकूर तसाच चिकटवला तर अगम्य अक्षरे उमटतात.

उपशीर्षकांची एसआरटी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही बनते. ती यूटीएफ-८ मध्ये साठवावी. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नसाव्यात आणि प्रत्येक ओळ निदान दीड-दोन सेकंद पडद्यावर राहावी. आपली बरीच मुले मराठी समजतात पण देवनागरी भराभर वाचत नाहीत. त्यांच्यासाठी इंग्रजी उपशीर्षकांची दुसरी फाइल करावी. हे काम मुलांनाच दिले तर उत्तम : आजोबांचे एक वाक्य लिहून काढायला ते पाच वेळा ऐकावे लागते आणि अर्थ विचारायला भारतात फोन करावा लागतो.

संगीताबाबत : चित्रपटगीत लावून यूट्यूबवर चढवले की त्यांची स्वयंचलित यंत्रणा ते ओळखते, आणि कधी आवाज, कधी अख्खा व्हिडिओ बंद होतो. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे असतो, आणि गीत व चाल यांचे हक्क वेगळे असतात. सोपा मार्ग असा की आपल्याच सभासदांकडून पेटी, तबला, बासरी मुद्रित करून घ्यावी. मंडळात वादक कमी नाहीत. आणि मुलांचे चेहरे असलेली चित्रफीत सार्वजनिक न ठेवता 'अनलिस्टेड' ठेवावी, पालकांना विचारून.

९. जुन्या टेपा : हे आधी करावे

व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. जी यंत्रे आहेत ती जुनी होत चालली आहेत. टेप चांगली राहिली तरी ती वाजवायला यंत्र मिळेलच असे नाही.

व्हीएचएस : आधी टेप उघडून बघावी. पांढरट बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये, यंत्राचे हेड खराब होते आणि पुढच्या टेपेलाही बुरशी लागते. अशी टेप जाणकाराकडे द्यावी. चांगल्या टेपेचा मागचा टॅब मोडावा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून मग वाजवावी. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल तारा यूएसबी कॅप्चर यंत्राला जोडाव्यात आणि ओबीएस स्टुडिओ या मोफत प्रोग्रॅममध्ये मुद्रण करावे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली टेप एनटीएससी असू शकते. तिला बहुपद्धती व्हीसीआर लागतो आणि कॅप्चर यंत्रातही तीच पद्धत निवडावी लागते.

मिनीडीव्ही : ही टेप मुळातच डिजिटल असते. म्हणून पिवळ्या तारेने नव्हे, फायरवायर तारेने उतरवावी. मग दर्जा जराही कमी होत नाही. तासाला सुमारे १३ जीबी लागतात. आता संगणकांना फायरवायरची जागा नसते आणि मॅकच्या २०२५ मधल्या आवृत्तीने तिचा आधारही काढून टाकला. त्यामुळे जुना लॅपटॉप किंवा जुना मॅक कोणाकडे असेल तर तो विकू नये. एका मंडळात असा एक संगणक आणि एक चालू कॅमकॉर्डर असला तरी शंभर घरांचे काम होते.

टेप वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उतरवायला लागतो, त्यात घाई करता येत नाही. म्हणून प्राधान्य ठरवावे : आधी जी माणसे आता नाहीत त्यांच्या टेपा, मग सर्वात जुन्या, मग बाकीच्या. उतरवलेली मूळ फाइल तशीच ठेवावी आणि डीइंटरलेस, रंगदुरुस्ती वगैरे तिच्या प्रतीवर करावे. टेप टाकून देऊ नये. पुढे याहून चांगले यंत्र हाती लागू शकते.

१०. जतन

नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्यासाठी याचा अर्थ असा : एक प्रत कुवेतमधल्या घरी हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक भारतात भावाकडे किंवा बहिणीकडे. हार्ड डिस्क सामानात न टाकता हातातल्या बॅगेत न्यावी. वर्षातून एकदा, गुढीपाडव्याला म्हणा, प्रत्येक डिस्क लावून दोन-चार फाइली चालवून बघाव्यात. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीवर विसंबू नये, त्यातल्या अनेक आताच वाचता येत नाहीत.

सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवावी : कोणता कार्यक्रम, कधी, कुठे, पडद्यावर डावीकडून कोण कोण. वीस वर्षांनी चित्र स्वच्छ दिसेल, पण नावे सांगणारे कोणी नसेल.

११. शिकण्याचा क्रम : सहा शुक्रवार

पहिला शुक्रवार : फोन ट्रायपॉडवर लावून घरात चहा होतो त्याचे दहा शॉट.
दुसरा : त्याच शॉटची एक मिनिटाची चित्रफीत, फक्त साधे कट.
तिसरा : माइक लावून घरातल्या एकाची पाच मिनिटांची मुलाखत.
चौथा : मुलाखतीचे दोन मिनिटांत संकलन, मध्ये घरातले फोटो आणि हातांचे शॉट.
पाचवा : मराठी शीर्षक आणि उपशीर्षके.
सहावा : एक्स्पोर्ट, तीन प्रती, आणि घरच्यांसमोर टीव्हीवर पहिला खेळ.

घरच्यांना पाहताना आपण पडद्याकडे नव्हे तर त्यांच्याकडे बघावे. ते जिथे चुळबुळ करतात तिथे अजून छाटायचे आहे.

ज्यांच्याकडे चालू व्हीसीआर, मिनीडीव्ही कॅमकॉर्डर किंवा फायरवायर असलेला जुना संगणक आहे, त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीला जरूर कळवावे. ज्यांच्याकडे टेपा आहेत त्यांनीही कळवावे. यंत्रे एका घरात आणि टेपा दुसऱ्या घरात, अशी आपल्याकडची स्थिती आहे. त्या एकत्र आल्या तर येत्या हिवाळ्यात बरेच काम उरकेल.